भिंतीवरची मेंढरं

सोलापूरच्या दवाखान्यातून आण्णांना घरी आणलं, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्ही त्यांचा पलंग नुसता फिरवत होतो. आधी दाराकडे तोंड केलं, तर ते म्हणाले, गाड्या बघून डोकं गरगरतंय. मग खिडकीकडे केलं, तर शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीशिवाय काही दिसेना. शेवटी पलंग भिंतीला लावला आणि समोरची दुसरी भिंत त्यांच्या वाट्याला आली.

आण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म मेंढरांमागं चालण्यात गेलेला. आमचं गाव सास्तूरच्या बाजूला. दसरा झाला की तिथून कळप घेऊन निघायचं, रानोमाळ फिरायचं आणि पाऊस तोंडावर आला की परतायचं, हेच त्यांचं वर्ष. त्यांना एका जागी बसलेलं मी लहानपणापासून फक्त जेवताना पाहिलं, आणि तेही उकिडवं.

त्या साली दिवाळी सरल्यावर एका शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवली होती. खत मिळावं म्हणून शेतकरी कळप रानात मुक्कामाला घेतात, बदल्यात धान्य देतात. सकाळी कळपाभोवतीची जाळी गुंडाळताना आण्णांचा पाय ढेकळावरून सटकला आणि ते बांधावरून खाली पडले. माझा धाकटा भाऊ सोबत होता, त्यानं बाजेवर घालून त्यांना डांबरी रस्त्यापर्यंत आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, मी सांगेपर्यंत पाय जमिनीला टेकायचा नाही. आई जाऊन काही वर्षं झालेली. भावाचं लग्न झालेलं नाही, आणि कळप सोडून त्याला हलता येत नव्हतं. म्हणून आण्णा माझ्याकडे जळकोटला आले.

मी जवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत शिकवते. नवरा एसटीत वाहक आहे. आमचं घर हायवेपासून जरा आत आहे. लेकीच्या घरी पडून राहायचं हे मुळात आण्णांना पटलेलं नव्हतं, आणि त्यात पडून राहायचं म्हणजे काय, हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्या दिवसांतलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते पलंगाचं करकरणं. कूस बदलायची मनाई होती, तरी ते वरच्या अंगानं सारखे हलायचे. चादरीच्या किनारीचा एक दोरा त्यांच्या बोटाला लागला आणि बघता बघता त्यांनी अर्धी किनार उसवून त्याची गुंडी केली. जन्मभर लोकर कातलेल्या हाताला काहीतरी पिळायला लागत असणार, म्हणून मी भावाकडून लोकर आणि टकळी मागवली. उताणं पडून कातता येईना, लोकर नाकातोंडात जायला लागली. त्यांनी ते सगळं उशाशी सारलं आणि विचारलं, "वारं कुणीकडचं हाय?"

हा प्रश्न ते दिवसातून कितीदा तरी विचारायचे. मी अंगणात जाऊन बघून यायचे. वारं पडलेलं असलं तर काहीतरी दिशा सांगून मोकळी व्हायचे. त्यांना ते कळायचं. थोड्या वेळानं ते पुन्हा तेच विचारायचे.

हळूहळू मीही तशीच झाले. शाळेत फळ्यावर गणित लिहिता लिहिता मध्येच थांबायचे, फोन वाजला का म्हणून पिशवीकडे बघायचे. घरी आले की पायरीवर चपला काढायच्या आधी कान देऊन ऐकायचे. पलंग करकरत असला की जीव तुटायचा, आणि करकरत नसला की त्याहून धसका बसायचा. स्वयंपाक करताना गॅस बारीक करून दोनदा तरी आत डोकावून यायचे. रात्रीचं जेवण मी त्या दिवसांत बहुतेक उभ्यानंच केलं.

आम्ही त्यांच्या खोलीत टीव्ही आणून ठेवला. त्यांनी थोडा वेळ पाहिला. कुठली तरी मालिका चालू होती. मग मान वळवून ते मला म्हणाले, ही मान्सं भांडायलेत का नाचायलेत, काय समजंना, बंद कर. बातम्या लावल्या, भजन लावलं, कशानंच त्यांची नजर ठरेना.

भाऊ रोज संध्याकाळी फोनवर मेंढरांचा व्हिडिओ पाठवायचा. मी फोन त्यांच्यासमोर धरायचे. आण्णांना लांबचं अजूनही चांगलं दिसतं, दोन बांध पलीकडचं जनावर ते ओळखतात, पण जवळचं दिसत नाही. त्यांचा हात पुरेल तितका लांब करून मी फोन त्यांच्या हातात दिला. "मुंग्या दिसायलेत," ते म्हणाले. चष्मा लावून पाहिलं, तर फोन दिसला पण मेंढरं मुंग्यांएवढीच राहिली. त्यांनी फोन उलटा करून मागची बाजू पाहिली आणि तसाच माझ्या हातात दिला.

नवऱ्यानं हे दारातून पाहिलं. त्याला बऱ्याच दिवसांपासून घरात प्रोजेक्टर हवा होता. क्रिकेटचा सामना भिंतभर बघायचा, ही त्याची हौस, आणि मी ती प्रत्येक वेळी उडवून लावायची. त्या दिवशी तो म्हणाला, मेंढरं भिंतीवर दिसली तर? ह्या वेळी मी ते उडवून लावलं नाही, आणि त्याला तेवढं पुरलं. त्यानं ऑनलाइन मागवलेलं छोटं पांढरं यंत्र आठवड्याभरात घरी आलं. डब्याएवढं, पुढे एक डोळा, मागे जाळी, आणि जाळीतून गरम वारा.

खरी झटापट पुढेच होती. यंत्र आलं, पण त्याचा उजेड पाडायचा कशावर?

आमच्या त्या खोलीला खाली कमरेइतका पोपटी ऑइलपेंट आहे आणि वर फिकट निळा रंग. पोरंबाळं हात लावतात, भिंत पुसता यावी म्हणून खाली ऑइलपेंट द्यायची आमच्याकडे पद्धत. नवऱ्यानं पहिल्या दिवशी कॅलेंडर काढलं, देव्हाऱ्याच्या फळीखालचा निळा भाग मोकळा केला, स्टुलावर पत्र्याचा डबा, डब्यावर माझी शाळेची पुस्तकं आणि पुस्तकांवर यंत्र ठेवलं. खोलीला एकच खिडकी, तिच्यावर आण्णांचंच काळं घोंगडं टांगलं. अंधार चांगला झाला. भावाचा व्हिडिओ लावला. भिंतीवर निळी मेंढरं उमटली, वर रुंद आणि खाली अरुंद, भोपळ्याच्या फोडीसारख्या चौकटीत. जिथे खिळा उपटला होता तिथलं भोक एका मेंढीच्या पोटात आलं. आकारानं प्रत्येक मेंढी वासराहून मोठी.

आण्णा बराच वेळ बघत राहिले. "एवढी थोर मेंढरं म्या कवा राखली न्हाईत," ते म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या दिवशी पांढरी चादर दोरीवर ताणली. रंग खरे दिसायला लागले, मलाही बरं वाटलं. पण घोंगड्यानं खिडकी बंद झाल्यावर खोलीत पंखा लावल्याशिवाय बसवत नव्हतं, आणि पंखा लावला की चादर हलायची. मेंढरं पाण्यात तरंगल्यासारखी वर-खाली व्हायला लागली. आण्णांना मळमळलं. चादरीला खाली विटा बांधल्या, तर मधे पोट आलं. मग आण्णांचंच धोतर दुहेरी करून भिंतीला चिकटवून पाहिलं. ते बारीक सुताचं, त्यातून मागचा निळा रंग दिसायचा.

नवऱ्याला वाटलं, माणूस उताणा पडलाय तर चित्र वर का नको? त्यानं यंत्र दोन विटांच्या मधे उभं करून उजेड छतावर सोडला. आता मधे पंखा. पंखा चालू ठेवला की पातीच्या सावल्या मेंढरांवरून भिरभिरायच्या, बंद केला की घामाच्या धारा. आण्णांनी वर एकदाच पाहिलं. अंगावर पडतेल, असं म्हणून त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. नवऱ्याला हसू आलं. मला आलं नाही, कारण ते खरंच घाबरले होते.

मग फ्लेक्स आला. चौकात कुणाच्या तरी वाढदिवसाचा लागलेला मोठा फलक दिवस संपल्यावर उतरवून ठेवला होता, तो नवऱ्यानं मागून आणला. त्याची मागची बाजू गुळगुळीत पांढरी. तो आम्ही खिडकीवरच लावला, म्हणजे अंधारही होईल आणि पडदाही. घोंगडं काढून टाकलं. संध्याकाळच्या उजेडात व्हिडिओ चालू केला, आणि बाहेरच्या उन्हानं फ्लेक्सवरचे चेहरे मागून उमटले. मेंढरांच्या मधे हार घातलेली, हात जोडलेली माणसं उभी. आण्णांनी विचारलं, ही कोण मान्सं मेंढरात शिरलेत? नवरा हसत हसत खाली बसला. मीही हसले, पण माझं हसणं लगेच सरलं. ह्या सगळ्या खटाटोपात चार-आठ दिवस निघून गेले होते आणि पलंग तसाच करकरत होता.

नवऱ्याचं म्हणणं होतं, आता नीट पडदा मागवू, गुंडाळायचा, वर टांगायचा. मी म्हटलं, टांगायचा म्हणजे पुन्हा वरच. माझ्या मनात ती थोर मेंढरं आणि छतावरची मेंढरं घोळत होती. आण्णांनी मेंढरू कधी मान वर करून पाहिलंय? ते त्यांच्या मांडीला घासत चालायचं. मी त्यांना विचारलं, "आण्णा, मेंढरं कुठं दिसायला पाहिजेत तुम्हाला?"

त्यांनी पलंगाबाहेर हात सोडला, जमिनीपासून थोडा वर, आणि तळवा आडवा धरला. "हितं," ते म्हणाले. "मेंढरू भुईवर चालतंय का न्हाय?"

रविवारी मी पदर खोचला. ज्या भिंतीकडे त्यांचं तोंड होतं, तिच्या खालच्या पोपटी ऑइलपेंटला पॉलिश पेपर मारायला बसले. त्या रंगाला चकाकी असते, उजेड पडला की मधोमध एक पांढरा गोळा चमकतो आणि बाकीचं काही दिसत नाही, हे आम्ही पाहून घेतलं होतं. घासून घासून हाताला फोड आले. वर पांढऱ्या डिस्टेंपरचे दोन हात दिले. फरशीपासून कमरेच्या खालपर्यंत पांढरा पट्टा, पलंगाएवढा लांब. बाकी खोली पोपटी आणि निळी. दिसायला भलतंच दिसत होतं. नवरा ड्युटीवरून आला आणि दारातच थबकला. खाली बसून सामना बघायचा का, असं त्यानं विचारलं. मी त्याच्याशी चढ्या आवाजात बोलले. माझ्या घरात माझ्या बापाला भिंतही मिळू नये का, असलं काहीतरी. त्यानं ते ऐकून घेतलं, हातपाय धुतले, आणि येऊन यंत्र एका पाटावर ठेवून पुढेमागे सरकवत बसला. चित्र लहान व्हावं म्हणून यंत्र भिंतीजवळ आणायचं, पण मग ते पलंगाच्या आणि भिंतीच्या मधे येतं. शेवटी ते पलंगाच्या पायथ्याशी तिरकं लावलं आणि रिमोटवरचं काहीतरी दाबून दाबून त्यानं वाकडी चौकट सरळ केली.

दिवे लागायची वेळ होती. घोंगडं खिडकीवर परत गेलं. पांढऱ्या पट्ट्यावर हरभऱ्याचं काढलेलं रान उमटलं आणि फरशीला लागून मेंढरं चालत आली. काळी, तपकिरी, मांडीएवढी. एकीनं मान खाली घातली, ती जशी काही आमच्या फरशीवरचंच काहीतरी हुंगत होती.

आण्णांची मान त्या बाजूला कलली. हात पलंगाच्या कडेवरून खाली आला. घशातून तो आवाज आला, जो मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि मला कधी काढता आला नाही, जिभेच्या मागून निघणारा, मेंढरं वळवायचा. व्हिडिओ संपला. "फिरून लाव," ते म्हणाले. मी लावला. पुन्हा लावला. पलंग करकरत नव्हता. नवरा पाटाशेजारी मांडी घालून बसला होता. 

मला वाटलं, सुटलो. पण आता त्यांना दिवसभर संध्याकाळची वाट बघायची सवय लागली. दुपारपासून विचारणं सुरू व्हायचं, आलं का त्याचं? व्हिडिओ आला की त्यांना त्यात नसलेलं दिसायचं. मागं काय हाय ते दावाय सांग त्येला. कुत्रं दिसंना, कुत्रं कुठं गेलं? ती भुंडी मेंढी लंगडायली हुती, तिला पुढं घे म्हण. मी हे सगळं भावाला बोलून पाठवायचे. सुरुवातीला तो उत्तर द्यायचा. मग उशिरा द्यायला लागला. व्हिडिओ आखूड होत गेले. आधी सगळं रान दिसायचं, आता दोन-तीन मेंढरांची तोंडं दिसायची, अगदी जवळून. आण्णा म्हणायचे, त्येला म्हणावं जरा लांब हुबा ऱ्हा. तो लांब उभा राहिला नाही.

व्हिडिओ कॉल लाव, भिंतीवर थेट बघू, असं नवरा म्हणाला. मी भावाला तसं सांगितलं. तो म्हणाला, रानात रेंज नाही. व्हिडिओ मात्र पोचत होते. तरी मी आण्णांना रेंजचंच कारण सांगितलं. त्या आठवड्यात मी शाळेत दोन वर्गांच्या वह्या अदलाबदल करून तपासल्या आणि घरी मीठ घातलेल्या वरणात पुन्हा मीठ घातलं.

एका संध्याकाळी आदल्या दिवशीचाच व्हिडिओ भिंतीवर चालू होता आणि दारात मोटारसायकल थांबली. भाऊ आला. अंगात पांढरा शर्ट, पायात बूट, डोक्याला काही नाही. मेंढरांमागं असला की त्याच्या अंगाला जो वास असतो तो नव्हता. मी पाणी दिलं. तो पाणी घेऊन आत गेला आणि पलंग आणि भिंतीच्या मधे जाऊन उभा राहिला. मेंढरं त्याच्या पोटऱ्यांवर आणि शर्टाच्या खालच्या टोकावर चालायला लागली. मी त्याला बाजूला हो म्हणाले, तो हलला नाही.

"आण्णा," तो म्हणाला, "मेंढरं इकली म्या."

 मग तो भराभर बोलायला लागला, जणू थांबला तर पुढचं बोलता येणार नाही. एकट्यानं होत नव्हतं. माळावर जिथं दरसाल चारायचो तिथं सौरऊर्जेच्या प्रकल्पाचं कुंपण पडलंय. बाकी सगळा ऊस, बांधावर पाय ठेवू देत नाहीत. कुत्रं गाडीखाली गेलं, मग लांडग्याच्या धाकानं रात्र रात्र जागा. आणि उघड्यावर झोपणाऱ्याला पोरगी कोण देणार? ढोकीच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या एका ट्रॅक्टरवर त्याला काम मिळालं होतं. पाच-सहा मेंढ्या त्यानं गावात ठेवल्या होत्या, व्हिडिओत त्याच होत्या, शेजारच्या परड्यातल्या.

आण्णांनी त्याला मधे तोडलं नाही. त्यानं बोलणं संपवल्यावर विचारलं, "कापाया दिल्यास का पाळाया?"

भाऊ म्हणाला, माद्या पाळायला दिल्या, ढोकीकडच्या एका मेंढपाळाला, नात्यातलाच आहे लांबचा. नर बाजारात गेले.

"बरं," आण्णा म्हणाले. "जेवून जा."

भाऊ जेवला. मी वाढत होते, पण मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. राग होता की त्याची कीव येत होती, आज लिहिताना पण नक्की सांगता येत नाही. मी नोकरीला लागले, तेव्हा कळपातून बाहेर पडल्याबद्दल मला सगळ्यांनी शाबासकी दिली होती. तो निघाला तेव्हा मी त्याला इतकंच म्हटलं की फोन तरी उचलत जा. तो "व्हय अक्का" म्हणाला आणि मोटारसायकल सुरू व्हायच्या आधीच तोंड फिरवलं.

त्यानंतर आण्णा शांत झाले, आणि त्या शांततेनं माझी झोप उडवली. पलंग करकरत नव्हता. वाऱ्याची दिशा कुणी विचारत नव्हतं. ते छताकडे बघत पडून असायचे, खायला दिलं की खायचे, बोललं की उत्तर द्यायचे. संध्याकाळी मी विचारायचे, लावू का? ते म्हणायचे, ऱ्हाऊ दे. नवरा त्यांच्याशी गप्पा मारायला बसायचा, एसटीतल्या गमती सांगायचा. ते हुं हुं करायचे. मीच आता घरभर फिरत होते. एक भांडं दोनदा घासायचे, दाराची कडी लावायचे, काढायचे. मला त्यांची ती जुनी चुळबुळ परत हवी होती.

मग एका सकाळी, मी शाळेला निघताना, ते म्हणाले, "ढोकीकडं जाऊन येतीस का?"

सुट्टीच्या दिवशी मी गेले. जळकोटहून तुळजापूर, तिथून धाराशिव, पुढं ढोकी. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर एकामागं एक, एसटी त्यांच्या मागं रांगत होती. मला बसवत नव्हतं, मी मधूनच उठून दाराशी उभी राहायचे. भाऊ स्टँडवर घ्यायला आला.  कळप तोडणी झालेल्या उसाच्या फडात होता, मेंढरं उसाचं वाढं, शेंड्याची हिरवी पानं, खात होती. नव्या मालकानं सगळ्यांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढला होता. आमची कुठली आणि त्याची कुठली, मला ओळखू येईनात.

मेंढपाळ आणि त्याची बायको दोघंही चांगली माणसं. आण्णांना ती ओळखत होती. बायकोनं तीन दगडांवर चहा केला आणि आण्णांच्या पायाची सगळी विचारपूस केली. मी का आले ते सांगताना मला संकोच वाटत होता. भिंतीवर मेंढरं दाखवायची म्हटल्यावर ती हसली, पण मग स्वतःच मेंढरं हाकून माझ्यासमोर आणली. मी फडातल्या पाचटावर बसले, फोन गुडघ्याएवढा धरला, कारण त्या पांढऱ्या पट्ट्यावर काय बसतं ते मला आता माहीत होतं. कळप दोन्ही बाजूंनी अंगाला घासत गेला. लहानपणी चालून चालून पाय दुखले की मी अशीच कळपात बसून राहायचे आणि आई पुढून हाका मारायची. तोच वास, तोच बारीक खुरांचा आवाज. मला तिथून उठावंसं वाटेना आणि बसवतही नव्हतं. मी खूप वेळ चित्रण केलं. भाऊ लांब, मोटारसायकलीला टेकून, दुसरीकडे बघत उभा होता.

संध्याकाळी घरी पोचले तशी खिडकीवर घोंगडं टांगलं आणि व्हिडिओ लावला. आण्णांना उशी देऊन जरा उंच केलं. भिंतीला लागून मेंढरं यायला लागली, लाल पट्ट्याची.  मग आण्णांचं बोट हललं. "ती," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "ती आन् ती. ती मागं ऱ्हायली बघ, ती आपलीच." मी चित्र थांबवलं. एक काळी मेंढी मान वळवून आमच्याकडे बघत भिंतीवर थांबली. आण्णा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

"अंगानं बऱ्या हायत," ते म्हणाले. "त्येनं राखलेत नीट. आता बंद कर, बाय."

मी यंत्र बंद केलं, घोंगडं काढलं. बाहेर अजून थोडा उजेड होता. त्यांनी विचारलं, डॉक्टरानं कवा बोलीवलंय? मी सांगितलं. त्यांनी पलंगाचा कठडा धरला आणि वरचं अंग उचलून बघितलं, आणि पलंग करकरला.

डॉक्टरांनी वॉकर धरून पाय टेकायला परवानगी दिली. पहिल्या दिवशी ते पलंगापासून दारापर्यंत गेले आणि घामाघूम झाले. नंतर दारापासून पायरी. मग अंगण. मी शाळेतून आले की ते फाटकाशी उभे दिसायचे, वॉकरवर रेललेले, हायवेकडे तोंड करून. घरात ये म्हटलं तर चिडायचे. पडतील या भीतीनं मी त्यांच्या मागं मागं असायचे आणि ते मला हाकलायचे. होळी झाली तसं त्यांनी गावाकडं जायचं म्हणून ठरवलंच. मी नको म्हणाले, नवरा नको म्हणाला, भावानं फोनवर नको म्हटलं. कुणाचंच चाललं नाही. जीप केली. पुढच्या सीटवर बसताना त्यांनी वॉकर मांडीवर घेतला, मागं ठेवू दिला नाही. नवऱ्याला म्हणाले, पाव्हणं, आता मोकळ्यानं बघा तुमचा खेळ.

ती खोली नंतर मला दोन-तीन दिवस बघवली नाही. दार लोटून ठेवलं होतं. मग नवऱ्यानंच ते उघडलं.

गावाला गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या सकाळी भावाचा फोन आला. ट्रॅक्टरवरून सुट्टी काढून तो तिथं होता. त्या राहिलेल्या पाच-सहा मेंढ्या परड्यातून बाहेर काढून आण्णा वॉकर घेऊन त्यांच्यामागं ओढ्याकडच्या वाटेनं निघालेत, म्हणाला, आणि हाका मारल्या तर मागं वळून बघत नाहीत. मी त्याच्यावर ओरडले, जा, धरून आण, पुन्हा खुबा मोडून घेतील. तो म्हणाला, अक्का, मी मागं मागं चाललोय, काय करू? त्याच्या आवाजामागून आण्णांचा तो जिभेमागचा आवाज येत होता, आणि कुठलं तरी कोकरू ओरडत होतं. मी फोन कानाशी धरून अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. वारं सुटलं होतं, पूर्वेचं. शाळेची वेळ होऊन गेली होती, तरी मला फोन ठेववत नव्हता.